डिस्चार्ज बुकातली आजी

तुमच्या घरात कुणी फौजेत होतं का? आजोबा, काका, मामा, सासरे, कुणीही. असेल तर आज एक छोटं काम सांगते. त्यांचं डिस्चार्ज बुक शोधा आणि त्यात बायकोचं नाव काय लिहिलंय, ते एकेक अक्षर लावून वाचा.

आम्ही हे काम केलं ते गेल्या वर्षी, आणि तेही नाइलाजाने. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं. माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी ईसीएचएस नावाची आरोग्य योजना आहे, २००३ पासून सुरू आहे. तिचं नवं कार्ड काढायला बसलो होतो. मी मोबाईलवर, आबा शेजारी चष्मा लावून. आजीच्या आधारवरची माहिती भरली आणि गाडी तिथेच अडकली. आबांच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये त्यांच्या पत्नीचं नाव वेगळंच होतं. जन्मसालही वेगळं.

"आबा, ही कोण?" मी विचारलं. गंमत म्हणूनच विचारलं होतं.

आबांनी फोन लांब धरून बघितलं. मग म्हणाले, "अगं, तुझी आजीच ती. माहेरची."

झालं होतं असं. लग्न १९७० च्या उन्हाळ्यात, आबांच्या रजेत. तांदळाच्या ताटात अंगठीने आजीचं नवं नाव लिहिलं गेलं, आपल्याकडे तेव्हा घरोघरी व्हायचं तसं. रजा संपली, आबा युनिटमध्ये परतले. क्लार्कने विचारलं, लग्न झालं ना, मग बायकोचं नाव सांग. आबांच्या तोंडून जुनंच नाव गेलं. नव्या नावाची अजून सवय कुठे झाली होती! क्लार्कने ते ऐकून इंग्रजीत उतरवलं आणि उतरवताना एक अक्षर गाळलं. जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती, म्हणून अंदाजाने साल टाकलं. ती नोंद पन्नासहून जास्त वर्षं तशीच राहिली. इकडे रेशन कार्डावर, मतदार यादीत आणि नंतर आधारवर सासरचं नाव लागलं. म्हणजे कागदोपत्री आबांच्या दोन बायका झाल्या. एक गावची, एक फौजेची.

आजीला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. "चालतंय की. मी एकच आहे हे तुझ्या आबांना ठाऊक आहे ना?"

आबांना ठाऊक आहे. आणि जोवर ते सांगायला आहेत, तोवर हे काम सोपं आहे. मला वाईट वाटतं, पण स्पष्ट लिहिते. सैनिक गेल्यानंतर फॅमिली पेन्शन पत्नीला मिळते, साधारण हिशोबाने शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. ती सुरू करताना कार्यालय बघतं ते एकच: रेकॉर्डमध्ये जिचं नाव आहे तीच ही बाई का? नवरा हयात असताना तो स्वतः लिहून देतो की होय, हीच माझी पत्नी, नाव चुकलं होतं. तो नसला की हेच सिद्ध करायचं ओझं त्या बाईवर येतं. वय सत्तर-पंच्याहत्तर, नुकतंच माणूस गेलेलं, आणि दारोदार फिरून सांगायचं की मीच ती. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आम्ही पहिल्यांदा गेलो, त्या दिवशी बाकावर शेजारी अशाच एक आजी बसल्या होत्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत लग्नपत्रिका. पन्नास वर्षांपूर्वीची, हळदीचे डाग पडलेली. त्यांच्याकडे तेवढाच पुरावा होता.

त्यांच्याकडे बघितलं आणि माझी गंमत संपली.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यात आधी आपण चुकीच्या दारात जातो. आम्हीही गेलो. बँकेत गेलो, बँक म्हणाली आमच्याकडे फक्त पैसे येतात. स्पर्श म्हणजे सैन्याची पेन्शन आता ज्या ऑनलाइन यंत्रणेतून मिळते ती. तिच्या सेवा केंद्रात गेलो, त्यांनी सांगितलं की आमच्याकडे दिसतं ते वरून आलेलं दिसतं. दोघांचंही बरोबर होतं. नाव बदलण्याचा अधिकार मूळ रेकॉर्ड ऑफिसचा. प्रत्येक रेजिमेंटचं आणि कोअरचं आपलं रेकॉर्ड ऑफिस असतं. जवान आणि जेसीओ यांची सगळी कागदपत्रं तिथे असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. नौदलाच्या सेलर्सचं काम मुंबईत मानखुर्दला चालतं, हवाई दलाचं दिल्लीत. लष्करी अधिकाऱ्यांची कागदपत्रं दिल्लीत मुख्यालयात असतात. आमचं ऑफिस रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर होतं. पण तिथे स्वतः जावं लागतंच असं नाही, हे जाऊन आल्यावर कळलं.

जायचं ते आपण राहतो तिथल्या जिल्हा सैनिक कार्यालयात. महाराष्ट्रात त्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय म्हणतात, काही राज्यांत जिल्हा सैनिक बोर्ड म्हणतात. आम्ही गेली पंधरा वर्षं मध्य प्रदेशात आहोत आणि आबांचा समज होता की आपलं काम साताऱ्यातच होणार. तसं नसतं. जिथे राहता तिथे नाव नोंदवता येतं. तुमच्यापैकी जे हैदराबाद, बडोदा, दिल्ली, बेंगळुरू इथे स्थायिक आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा. तिथले कल्याण संघटक बहुतेक स्वतः माजी सैनिकच असतात. आबांनी आपला नंबर आणि युनिट सांगितलं तसा समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसला, आणि पुढची वीस मिनिटं दोघांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कागद लागले ते असे. सैनिकाचा सहीचा अर्ज, त्यावर आर्मी नंबर, रँक आणि पीपीओ क्रमांक. पीपीओ म्हणजे पेन्शनचा मूळ आदेश. डिस्चार्ज बुकाची आणि पीपीओची प्रत. दोघांचं आधार, पॅन. दोघांचा एकत्र फोटो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र. इथे एक खाचखळगा आहे. काही ठिकाणी नोटरीचं चालतं, काही ठिकाणी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केलेलंच लागतं, म्हणून स्टॅम्प पेपर आणण्याआधी विचारून घ्या. आमचा एक वाया गेला. शिवाय दोन वर्तमानपत्रांत नाव बदलाची जाहिरात, एक इंग्रजी आणि एक स्थानिक भाषेतलं. नाव अगदीच वेगळं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धीही मागू शकतात. हे सगळं जिल्हा कार्यालय तपासतं आणि रेकॉर्ड ऑफिसला पाठवतं. रेकॉर्ड ऑफिसने मान्य केलं की ते 'पार्ट टू ऑर्डर' काढतं. सैनिकाच्या आयुष्यातला कुठलाही बदल, लग्न, मूल, बढती, बदली, या ऑर्डरनेच अधिकृत होतो. मग ते प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयाकडे जातं आणि तिथून दुरुस्त पीपीओ निघतो. 'कॉरिजेंडम पीपीओ' हा शब्द पाठ करून ठेवा. नुसतं "नाव बदललंय हो" असं कुणी फोनवर सांगितलं तर समाधान मानू नका. तो कागद हातात येईपर्यंत काम झालेलं नसतं.

एक मात्र बदलत नाही, निदान सहजासहजी नाही. खुद्द सैनिकाची जन्मतारीख. भरतीच्या वेळी जी लिहिली ती. ती बदलायची तर भरतीनंतर दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. आबांच्या पिढीतल्या अनेकांची जन्मतारीख एक जून आहे, मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेली. त्यावर आता काही करू नका, आधारच रेकॉर्डशी जुळवून घ्या. फार वाईट वाटलं तर जनरल व्ही. के. सिंग यांची आठवण काढा. ते लष्करप्रमुख होते. शाळेच्या दाखल्यावर त्यांची तारीख १० मे १९५१. पण १९६५ मध्ये एनडीएचा फॉर्म भरताना साल पडलं १९५०. लष्कराच्याच एका शाखेत १९५१ आणि दुसऱ्या शाखेत १९५० अशा दोन तारखा वर्षानुवर्षं सुखाने नांदल्या. २०१२ च्या जानेवारीत ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १० फेब्रुवारीला त्यांनी याचिका मागे घेतली आणि ३१ मे २०१२ ला, १९५० च्याच हिशोबाने, निवृत्त झाले. शाळकरी वयात भरलेला फॉर्म देशाच्या लष्करप्रमुखालाही खोडता आला नाही.

बरं, आजीच्या नावासाठी ट्रंक उघडली आणि दुसरंच काहीतरी बाहेर आलं.

डिस्चार्ज बुकात मेडल्सचं एक पान असतं. आबांच्या पानावर सैन्य सेवा मेडल होतं, संग्राम मेडल होतं, नऊ वर्षांच्या सेवेचं होतं, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं होतं. मी इंटरनेटवर एकेकाचा अर्थ बघत होते. १९७१ च्या युद्धात जे पूर्वेकडच्या युद्धक्षेत्रात होते त्यांना पूर्वी स्टार मिळाला, जे पश्चिमेकडे होते त्यांना पश्चिमी स्टार. आबा तर लहानपणापासून आम्हाला बांगलादेशातल्या चिखलाच्या गोष्टी सांगत आलेत. ते ड्रायव्हर होते. रात्री दिवे न लावता ट्रक कसे चालवले, पूल नव्हते तिथे गाड्या कशा उतरवल्या, हे आम्हाला पाठ आहे. मग पूर्वी स्टार कुठे?

"नाही मिळाला," आबा म्हणाले. "युद्ध संपल्यावर माझी पोस्टिंग झाली. मेडलची यादी जुन्या युनिटात बनली. मी तिथे नव्हतो, नव्या युनिटात कुणाला माहीत नव्हतं. राहिलं."

"मग मागितलं का नाही?"

"काय मागायचं? मी काय गोळी चालवली होती?"

इथे मी पहिल्यांदा आबांशी वाद घातला. कारण तोवर मला एक फरक कळला होता आणि तो तुम्हालाही सांगते. मेडल्स दोन जातींची असतात. परमवीर चक्र, वीर चक्र, सेना मेडल ही शौर्याची. ती वरिष्ठांच्या शिफारशीवर मिळतात आणि भारताच्या राजपत्रात छापून येतात. पन्नास वर्षांनी आपण अर्ज करून ती मिळत नाहीत आणि तशी आशा दाखवणाऱ्या माणसापासून लांब राहा. दुसरी जात सेवेच्या आणि युद्धाच्या मेडल्सची. ती कुणाची मेहेरबानी नसते. अमुक काळात अमुक क्षेत्रात तुम्ही ठरलेले दिवस होतात, मग ते तुमचं. बंदूक हातात होती की स्टीअरिंग, याने फरक पडत नाही. १९७१ च्या डिसेंबरात जमालपूरला मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, आपली जंगी पलटण, लढली. तिथे खंदकात असलेल्या जवानाला आणि त्याला जेवण पोचवणाऱ्या स्वयंपाक्याला तो तारा सारखाच.

खरं सांगायचं तर मेडल नोंदीत असूनही प्रत्यक्ष हातात न पडलेले सैनिक पुष्कळ आहेत. समारंभाला जायचं असलं की छावणीजवळच्या दुकानातून विकत घेऊन लावतात. आबांच्या छातीवरची चारपैकी दोन दुकानातलीच आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. पण विकत घेतलेलं मेडल नोंदीत असावं लागतं. नोंदीत नसलेलं मेडल आबा कधीच लावणार नाहीत, १६ डिसेंबरलासुद्धा. तिथे ते फार कडक आहेत.

मेडलचा अर्जही रेकॉर्ड ऑफिसलाच. पण नुसतं "मी तिथे होतो" पुरत नाही. त्या काळात कुठल्या युनिटात होतो, कुठून कुठे बदली झाली, कुठल्या तारखेला, हे लिहावं लागतं. आबांना तारखा आठवत नव्हत्या, पण कंपनी कमांडरचं नाव, ट्रकचा नंबर आणि कुठल्या नदीवर दोन दिवस अडकले हे सगळं आठवत होतं. मी ते तसंच लिहून घेतलं. ट्रंकेत १९७२ चं एक आंतरदेशीय पत्र सापडलं, आजीला लिहिलेलं. वर जुन्या युनिटचा पत्ता, फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का. आजी ते द्यायला तयार नव्हती. शेवटी झेरॉक्स दिली. एक सोबती कोल्हापूर जिल्ह्यात आहेत, ते फोनवर नीट ऐकू शकत नाहीत, पण त्यांच्या नातवाने त्यांच्या सहीचं निवेदन व्हॉट्सअ‍ॅपवर आणि मग पोस्टाने पाठवलं. दुसऱ्या सोबत्याला फोन लावला तर सूनबाईंनी सांगितलं की ते दोन वर्षांपूर्वीच गेले.

घाई कशाला, असं तुम्हाला वाटेल. घाई यासाठी की फौजेतले कागद कायमचे ठेवलेले नसतात. ज्यांना पेन्शन नाही अशा सैनिकांची सेवापत्रं साधारण २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे, पेन्शनधारकांची ५० वर्षांनी. त्यानंतर उरतो तो लाँग रोल, म्हणजे एका ओळीत एक माणूस अशी मोठी वही. त्यात नाव, नंबर, भरती आणि निवृत्ती असते, पूर्वी स्टार का राहिला याचं उत्तर नसतं. आबा १९८३ मध्ये निवृत्त झाले. २०३३ फार लांब नाही. तुमच्या घरचे आजोबा १९७१ च्या युद्धानंतर लगेच घरी आले असतील, तर हिशोब तुम्हीच करा.

उत्तर येत नसेल तर काय? आमच्या पहिल्या अर्जाला चार महिने काहीच उत्तर नव्हतं. आबा म्हणाले, फौजेत वाट बघायला शिकवतात. मला कुणी शिकवलेलं नाही. मी आबांच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज केला, दहा रुपये फी. हा अर्ज सैनिकाने स्वतःच्या नावाने करावा. नातवंडांनी केला तर 'खासगी माहिती' म्हणून नाकारला जाऊ शकतो. त्यात तक्रार करत बसू नका, फक्त कागद मागा: माझ्या सेवापत्रातल्या मेडलच्या पानाची आणि बदल्यांच्या पानाची प्रत द्यावी. तीस दिवसांच्या आत उत्तर यायला हवं, आमचं सव्विसाव्या दिवशी आलं. आणि गाडं हललं.

त्याहीपुढे जायची वेळ आली तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने झालं. मुख्य पीठ दिल्लीत, बाकी मुंबई, जबलपूर, चेन्नई, चंदीगड वगैरे ठिकाणी. तिथे पेन्शनची प्रकरणं जास्त येतात, पण नोंदी बदलून घेतलेलीही आहेत. कारगिलच्या युद्धात बटालिकमध्ये ७० इन्फन्ट्री ब्रिगेडचे कमांडर असलेले ब्रिगेडियर देविंदर सिंग. आपल्या कामगिरीचा अहवाल वरिष्ठांनी पूर्वग्रहाने लिहिला, हे त्यांचं म्हणणं न्यायाधिकरणाने २०१० मध्ये मान्य केलं. युद्ध १९९९ चं. अकरा वर्षं लागली. आबांना हे वाचून दाखवलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ब्रिगेडियर साहेबांनाही अर्ज करावा लागला?"

त्यानंतर त्यांनी मेडलच्या अर्जावर सही केली. तोवर तो अर्ज टेबलावर तसाच पडून होता. आजीच्या नावाचा अर्ज त्यांनी पहिल्याच दिवशी सही करून दिला होता.

आजीचा दुरुस्त पीपीओ आठ महिन्यांनी आला. स्पर्शवर नाव बदललं, जन्मसाल बदललं, ईसीएचएसचं कार्डही आलं. ऑपरेशन मार्चमध्ये झालं, आता ती काठी घेऊन देवळापर्यंत जाते. पीपीओ आला त्या दिवशी मी तिला नाव वाचून दाखवलं. तिने विचारलं, "आणि जुनं?" मी म्हटलं, खोडलं. फौजेत आता तू सासरचीच. ती थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, "त्या नावाने मला हाक मारणारं तसंही कुणी राहिलं नव्हतं. तिथे होतं म्हणायचं."

मला हे सुचलंच नव्हतं. डिस्चार्ज बुकात मात्र ते नाव अजून आहे. जुनी नोंद एका रेघेने कापतात, खाली नवी लिहितात आणि सही-शिक्का मारतात. कापलेलं वाचता येतं. मी तिला ते पान दाखवलं.

पूर्वी स्टारबद्दल शेवटचं पत्र गेल्या महिन्यात आलंय. जुन्या युनिटच्या नोंदींशी पडताळणी चालू आहे, असं त्यात लिहिलंय. आबा रोज पोस्टमनची वेळ झाली की अंगणात खुर्ची टाकून बसतात, पेपर वाचत असल्यासारखे. काही कळलं की इथे लिहीनच.